संगणक सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी डेटा वाचवा

विंडोज अपडेट होत असताना लाईट गेली, की सिस्टीम फायली अर्धवट राहून खराब होऊ शकतात. मग संगणक निळ्या स्क्रीनवर अडकतो किंवा लोगो दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. सेतू केंद्र असो, पतसंस्था असो की शाळा, सल्ला एकच मिळतो : ‘फॉरमॅट मारा.’ पण घाई करू नका. विंडोज बिघडले म्हणजे डेटा गेला असे नाही. फॉरमॅट मारल्यावर मात्र त्या ड्राइव्हवरचे सगळे जाते. डेस्कटॉपवरच्या फायलीही सहसा सी ड्राइव्हवरच असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुरुस्तीचा मेनू कसा आणायचा?

संगणक चालू करा. लोगो दिसताच पॉवर बटण १० सेकंद दाबून बंद करा. असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी विंडोज १० आणि ११ मध्ये सहसा दुरुस्तीचा मेनू येतो. नाही आला, तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज घ्या. त्यावरून संगणक सुरू करून ‘रिपेअर’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नको. काही लॅपटॉप बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतात. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

आधी डेटा काढा

‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘कमांड प्रॉम्प्ट’ या क्रमाने जा. तिथे इंग्रजीत नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. ‘फाइल’मधील ‘ओपन’ दाबून ‘ऑल फाइल्स’ निवडले, की ड्राइव्ह दिसतात. हवे ते फोल्डर कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करा. इथे सी ड्राइव्हचे अक्षर बदललेले असू शकते, गोंधळू नका. कॉपी किती झाली ते दिसत नाही, म्हणून थोडे थांबा.

मग दुरुस्ती, या क्रमाने

१. ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

२. अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ किंवा ‘सिस्टीम रिस्टोअर’ वापरा.

३. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून ४ दाबून सेफ मोड सुरू करा. तिथे कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असे टाइप करा. खराब सिस्टीम फायली तपासून बदलल्या जातात. काम १०० टक्के होईपर्यंत बंद करू नका.

४. तरीही जमले नाही, तर ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ घ्या. फायली राहतात, पण टॅलीसारखी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात.

इथे थांबा

हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर दोष विंडोजचा नाही, डिस्कचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी वरचे काहीच करू नका, संगणक बंद करून जाणकाराकडे न्या. दुकानात देताना ‘डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ असे पावतीवर लिहून घ्या.