पवनीचा स्तूप व अवकाशाचे प्रथम शिक्षण

मुंबईच्या जे. जे. विद्यालयात क्लॉड बॅटली यांनी १९३० च्या सुमारास विद्यार्थ्यांकडून जुन्या वास्तूंची मोजणी करवून नकाशे काढविले. पद्धत उपयुक्त खरी. परंतु भंडारा जिल्ह्यातील पवनीस ती अपुरी पडते. तेथे १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीचा स्तूप उजेडात आला. स्तूप भरीव, त्यास अंतर्भाग नाही, म्हणून कागदावर केवळ वर्तुळ उरते. त्याचा अवकाश कठड्याच्या आतील वाटेत आहे. ‘प्रदक्षिणा’ या शब्दातच उजवा हात आहे (पूर्वाभिमुख माणसाच्या त्या हाताची दिशाही ‘दक्षिण’च). नवशिक्याने आधी फेरी घालावी, मोजपट्टी मग उलगडावी. कठड्याच्या दगडांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली होती. ती सारी वाचावयाची तर चालावेच लागे.