तळटीप १४ : ‘ड्राफ्टमध्ये कोण कुणाला उचलणार’

१४. येथे ‘ड्राफ्ट’ म्हणजे लिलाव नव्हे. ‘अल्टिमेट खो-खो’ या २०२२ साली पुण्यात सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंचे दर्जे पाडून दर्जानुसार मानधन आधीच ठरवलेले होते. सहा संघ पाळीपाळीने नावे उचलत. म्हणून अंदाज बांधताना पैशांची बोली नव्हे, तर संघाची गरज पाहावी लागते. या लीगमध्ये सूर मारून किंवा खांबावर गडी टिपल्यास जादा गुण, शिवाय कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’. साहजिकच मैदानावर मिनिटे खाणाऱ्या पळतीच्या खेळाडूइतकाच झेपावणाराही मोलाचा ठरतो, आणि जुन्या जाणकारांचे आडाखे इथेच चुकतात. धाराशिवच्या (तेव्हाचे उस्मानाबाद) वाचकाला मात्र वेगळेच खटकेल. जिल्ह्याचे या खेळातले सर्वांत मोठे नाव सारिका काळे यांचे : २०१६च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघाच्या कर्णधार, २०२०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पण लीगचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे. तेव्हा लेखकाच्या यादीत धाराशिवच्या मुली नाहीत, हा त्याचा विसराळूपणा नव्हे. – संपा.