अक्कलकोटच्या आजीबाई आणि तीस गुणांची परीक्षा

‘आपण कोणत्या राज्यात आहोत?’ स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीत हा प्रश्न हमखास असतो. अक्कलकोटात १९४० साली जन्मलेल्या आजीबाईंना तो विचारला असे समजा. त्यांचा जन्म भोसल्यांच्या संस्थानातला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९५६ साली द्विभाषिक राज्य आले आणि १९६० साली महाराष्ट्र. पुढे १९६७ च्या महाजन अहवालाने हा तालुका म्हैसूरला द्यावा, असे सुचवले. घरात कानडी, बाजारात मराठी, शेजारी दखनी उर्दू. या बाई उत्तर देताना क्षणभर अडखळल्या, तर त्यांचा एक गुण कापायचा का?

ही परीक्षा १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. पाच-दहा मिनिटांत होणारी आणि तीस गुणांची असल्याने ती जगभर पसरली. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, ‘डोळे मिटा’ हे वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, असे तिचे स्वरूप. चोवीसपेक्षा कमी गुण पडले, की शंका घ्यायची.

पण यातले निम्मे काम शाळेच्या बाकावरचे आहे. १९९३ साली अमेरिकेतच अठरा हजारांवर प्रौढांचे गुण तपासले गेले. नऊ वा अधिक वर्षे शिकलेल्यांचे मध्यक गुण २९ होते. चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचे अवघे २२. आपल्याकडे १९५१ च्या जनगणनेत साक्षर स्त्रिया शंभरात नऊदेखील नव्हत्या. त्या काळातल्या मुली आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी हातात कधी पेन्सिल धरली नाही, त्यांच्या पंचकोनावरून मेंदूचे निदान कसे करायचे?

याचे उत्तर भारतात शोधले गेले. हरियाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हिंदी परीक्षा बनवली; ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वाचण्याऐवजी ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ असे सांगून डोळे मिटायला लावले. इंग्रजी शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे विचारले, आणि वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराविषयी काही सांगायला लावले. २००४ साली सिडनीत नाना देशांतून आलेल्या वृद्धांसाठी ‘रुडास’ परीक्षा तयार झाली. तीत बाजाराची यादी लक्षात ठेवायची असते आणि रस्ता ओलांडताना काय काळजी घ्याल, हे सांगायचे असते. २०२० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी-मालिका पाच भाषांत प्रसिद्ध झाली. त्यांत कानडी होती, मराठी नव्हती.

अक्कलकोटात मात्र नुसते भाषांतर पुरणार नाही. इंग्रजी तारीख न सांगणाऱ्या आजीबाई तिथी अचूक सांगतील. स्वामी समर्थांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला असते, हे त्यांना पाठ असेल. शेजारच्या चाचींना रमजानचा कितवा रोजा, हे ठाऊक असेल. हिशेब शेर-पावशेरात आणि आण्यांत शिकलेल्यांना तसाच विचारावा. एका रुपयातून पाच आणे गेले, उरले किती? आणि प्रश्न त्यांच्या घरच्या बोलीत हवा.

याचा अर्थ परीक्षा सोपी करावी असा नव्हे. निरोगी माणसावर आजाराचा शिक्का बसतो, हा एक धोका. ‘अडाणी आहेत, वय झाले’ म्हणून खरा आजार नजरेआड होतो, हा दुसरा. शिकलेले आजोबा आजार सुरू होऊनही सव्वीस गुण मिळवून जातात, तेही विसरू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढील शंभरांतील सुमारे सात जणांना, म्हणजे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे.

म्हणूनच गुणांबरोबर घरच्यांनाही विचारायला हवे : वर्षानुवर्षे चुलीवर हात बसलेल्या बाई आता मीठ दोनदा घालतात का? रोजची देवळाची वाट चुकते का? असा बदल दिसला, तर डॉक्टरांकडे न्यावे. ऐकू कमी येणे, उदासीनता, थायरॉईड किंवा ब-१२ ची कमतरता यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपाय आहेत.