चेंडू न मागणारा सेंटर

लॅरी बर्डच्या पहिल्याच हंगामात बॉस्टन सेल्टिक्सने ८२ पैकी ६१ सामने जिंकले. तरी १९८० साली पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत फिलाडेल्फियाने त्यांना ४-१ असं लोळवलं. मग रेड आउअरबॅकने ड्राफ्टमधली पहिली आणि तेरावी निवड गोल्डन स्टेटला दिली आणि बदल्यात सेंटर रॉबर्ट पॅरिश आणि तिसरी निवड घेतली. त्या तिसऱ्या निवडीवर केव्हिन मॅकहेल मिळाला. या सौद्याचं कौतुक बहुतेकदा मॅकहेलसाठी होतं. मला त्यातला पॅरिश जास्त मोलाचा वाटतो.

खेळ बर्डच्या हातातून चालायचा. सतत चेंडू मागणारा सेंटर त्याला अडचणच झाला असता. पॅरिश स्क्रीन लावायचा, रिबाउंड काढायचा आणि एवढा सात फुटी देह घेऊन फास्ट ब्रेकला सगळ्यांबरोबर धावायचा. बर्डचे पाय मंद (हे त्याचे चाहतेही कबूल करतात). त्याला चकवून कुणी आत शिरलाच, तर रिंगपाशी पॅरिश उभा असायचा.

हंगामाच्या तोंडावर जुना सेंटर डेव्ह कॉवेन्स निवृत्त झाला आणि जागा पॅरिशकडे आली. १९८१, १९८४, १९८६ अशी तीन विजेतेपदं त्यानंतरची. पॅरिशच्या जर्सीवर आकडा होता ००.