तळेगावची शाळा आणि ‘विश्ववृत्त’

१९०८ साली ‘विश्ववृत्त’ मासिकात पं. सातवळेकरांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला आणि सरकारला प्रार्थनेतही राजद्रोह दिसला! संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर आणि वामन मल्हार जोशी तुरुंगात गेले. दोघेही समर्थ विद्यालयाचे. विजापूरकर संस्थापक, जोशी शिक्षक. मावळातील तळेगाव दाभाड्याची ही राष्ट्रीय शाळा १९१० मध्ये सरकारने बंद पाडली.

शिक्षकांच्या लेखणीलाच आडोसा नव्हता, तिथे विद्यार्थ्यांच्या लेखणीला कुठला?

पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलांचाही तो हक्क मानला. मात्र वाद राष्ट्रगीत न गाण्याचा होता, शालेय नियतकालिकाचा नव्हे. त्यासाठी महाराष्ट्रात आजही स्वतंत्र कायदा नाही.