नगर-मनमाड रस्ता : काल आणि उद्या

नगरहून उत्तरेला निघालेला रस्ता राहुरीपाशी मुळा, कोल्हारला प्रवरा आणि कोपरगावला गोदावरी ओलांडतो. पुढे येवल्यावरून तो मनमाडला पोहोचतो. तीन नद्या गाठणाऱ्या या रस्त्याचे नशीबही पाण्यानेच घडविले आहे, श्रोतेहो!

१८७६-७७च्या दुष्काळात दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर हजारो उपाशी हातांना काम मिळाले. १८७८ साली गाडी सुरू झाली आणि शेजारून धावणाऱ्या रुळांनी सडकेवरची लांब पल्ल्याची बैलगाडी-वाहतूक ओढून नेली. आता सडकेला कोण विचारतो, असे वाटण्याचे ते दिवस. पण १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांकाठी ऊस उभा राहिला. १९५० साली प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना निघाला. ऊस काही शेतातून स्टेशनावर चालत जात नाही. त्याला सडकच लागते. सडकेचे दिवस असे परत आले.

१९४३ साली नागपूरला देशातील मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी वर्गवारी ठरविली. आपला रस्ता पुढे बरीच वर्षे राज्य महामार्ग क्रमांक १० होता. आता नगर ते शिर्डीजवळचे सावळीविहीर हा भाग राष्ट्रीय महामार्ग १६० मध्ये मोडतो. २०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले. नावे बदलली, खड्डे मात्र ओळखीचेच राहिले!

याचे एक कारण पायाखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर डांबर कितीही ओता, बाजूचे गटार तुंबलेले असेल तर पाणी मुरते, पाया खचतो. त्यावरून उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीच्या भाविकांच्या मोटारी एकत्र धावतात. मग खड्डा चुकविताना कुणाच्या तरी घरचा माणूस जातो.

उद्याचा विचार करताना हे ध्यानी धरले पाहिजे. २०१७पासून काकडीला विमानतळ आहे, २०२२पासून समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत आला आणि २०२७ साली नाशिकचा सिंहस्थ आहे. वर्दळ वाढणारच. तेव्हा योजनेत रुंदीच्या आकड्याआधी भक्कम पाया, वाहती गटारे आणि ट्रॉल्यांसाठी वेगळी वाट यांना जागा हवी. रस्ता किती रुंद झाला याचे कौतुक होईल; पण त्यावरून गेलेला माणूस संध्याकाळी घरी सुखरूप परतला का, हीच त्याची खरी परीक्षा.