धायरीचे शुभंकर : मनोविकार, लोकसमज आणि मराठी कॅमेरा

पुण्याहून सिंहगड रस्त्याने निघून फाट्यावर डावीकडे वळले, की धायरी लागते. धारेश्वर हे इथले ग्रामदैवत. मळे आणि वस्त्यांचे हे गाव पाहता पाहता इमारतींचे झाले. रायकर मळा, बेनकर वस्ती ही नावे आता मुख्यतः फ्लॅटच्या पत्त्यात भेटतात. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत गेलेल्या अकरा गावांत धायरीचाही समावेश होता. मानसिक आजाराच्या मराठी इतिहासात या गावाचे नाव आले ते मात्र स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'सा', या संस्थेमुळे. तिचे पुनर्वसन केंद्र धायरीत आहे. मनोविकार आणि संस्कृती यांच्या नात्यावर मराठीत कॅमेऱ्याने जे काही सांगितले गेले, त्याचा एक मोठा धागा या संस्थेशी येऊन मिळतो.

जगात हे काम मानववंशशास्त्रज्ञांनी सुरू केले. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन यांनी १९३६ ते १९३९ या काळात बाली बेटावर पंचवीस हजारांच्या आसपास छायाचित्रे आणि हजारो फूट फिल्म काढली. या मोहिमेचा काही पैसा 'डिमेन्शिया प्रीकॉक्स'च्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीकडून आला होता आणि डिमेन्शिया प्रीकॉक्स हे स्किझोफ्रेनियाचेच जुने नाव. अंगात येऊन स्वतःच्याच छातीवर कट्यार रोखणारे नर्तक त्यांच्या फिल्ममध्ये दिसतात. ती १९५२ मध्ये प्रदर्शित झाली. पुढे १९६० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची तुलनात्मक पाहणी हाती घेतली. भारतातले केंद्र आग्र्याला होते. भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा अधिक सुधारतात, असा कोड्यात टाकणारा निष्कर्ष त्यातून निघाला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आकडे जे सांगत नाहीत ते घरात जाऊन पाहावे, या इराद्याने अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट लेमेलसन १९९७ पासून इंडोनेशियात त्याच त्या माणसांचे वर्षानुवर्षे चित्रण करत राहिले. 'अफ्लिक्शन्स' ही त्यांची माहितीपट-मालिका त्यातून झाली.

महाराष्ट्रात असा कुणी लेमेलसन झाला नाही. सामग्रीची मात्र ददात नव्हती. नुसती भाषा पाहिली तरी ते कळते. मराठीत वेड 'लागते'. माणूस 'झपाटला' जातो, त्याला 'लागीर' होते, कुणीतरी 'करणी' करते आणि आजाराचे मूळ सापडेनासे झाले की घरातली म्हातारी हळूच म्हणते, 'बाहेरचं दिसतंय.' या सगळ्यात आजार बाहेरून आलेला असतो. माणूस मुळात धड असतो, त्याला काहीतरी चिकटलेले असते आणि ते उतरवता येते. म्हणून 'उतारा'. तिन्हीसांजेला तिकाटण्यावर ठेवलेला दहीभात, लिंबू, कुंकू हा या समजुतीचा अगदी नेहमीच्या पाहण्यातला पुरावा. याच्या शेजारी 'अंगात येणे' हा वेगळाच प्रकार आहे. खंडोबा किंवा देवी अंगात येते तेव्हा तिला बोलावलेले असते, तिच्या पाया पडतात, तिला प्रश्न विचारतात. भूत लागते तेव्हा ते घालवायचे असते. शहरी लेखनात या दोहोंची सर्रास सरमिसळ होते. गावातल्या कुणाची कधी होत नाही.

उतरवण्याच्या जागाही ठरलेल्या. दत्तसंप्रदायातली गाणगापूर आणि नरसोबाची वाडी, जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान, कल्याणजवळचा हाजी मलंग, बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबांचा दर्गा. सैलानीच्या यात्रेत होळीला नारळांचा ढीग पेटवतात; बाधा झालेल्याच्या अंगावरून उतरवलेले नारळ आणि त्याचे कपडे त्या आगीत पडतात. जातधर्माचा हिशेब इथे फारसा कुणी ठेवत नाही.

या ठिकाणांचा शास्त्रीय अभ्यास झाला, तो कागदावर. ब्रिटनमधल्या मानववंशशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून केलेले संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. एका परमेश्वराखेरीज इतर देवतांची भक्ती न करणाऱ्या पंथाच्या मंदिरात भूतबाधेचे लोक का येतात, हा प्रश्न पडतो खरा. पण पंथाच्या दृष्टीने त्रास देणाऱ्या शक्ती परमेश्वरापुढे खालच्याच, त्यामुळे तिथे आसरा मिळतो. स्कल्टन्स यांना दिसलेली गोष्ट याहून चकित करणारी होती. रुग्णाबरोबर मंदिरात मुक्कामाला आलेली बाई, बहुतेकदा आई किंवा बायको, स्वतःच अंगात आणू पाहायची. घरावरची पीडा आपल्या अंगावर घ्यायची आणि मुलाला किंवा नवऱ्याला मोकळे करायचे, हा त्यामागचा भाव. मनोविकाराचे ओझे घरात कोण वाहते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे २००९ च्या सुमारास भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांबद्दल लिहिताना, मनाने खचलेल्या माणसाला या जागा नेमके काय देतात, हा प्रश्न पुन्हा मांडला. दावर यांची बापू ट्रस्ट ही संस्था पुण्याचीच.

वांशिक माहितीपटाची परंपराही पुण्याच्या आसपास होती, फक्त तिचा विषय वेगळा होता. धनगरांत आणि खंडोबाच्या क्षेत्रांत वर्षे घालवलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत १९८० च्या दशकाअखेरीस पंढरीच्या वारीवर आणि खंडोबावर चित्रपट केले. त्यांना ध्यास होता लोकधर्माचा. अंगात येणे त्यांच्यासाठी उपासनेचा भाग होता. तिथे रुग्ण कुणीच नव्हता.

मनोविकाराकडे कॅमेरा वळला तो समाजकार्याच्या वाटेने. सुमित्रा भावे (१९४३–२०२१) टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकल्या आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी दहा वर्षे शिकवले. 'स्त्रीवाणी' या संशोधन प्रकल्पात त्या वस्त्यांतल्या बायकांच्या मुलाखती घेत होत्या. आठ दलित स्त्रियांची आत्मकथने त्यातूनच संकलित झाली आणि गौरी देशपांडे यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये पुस्तकरूपाने आला. अडचण अशी होती, की ज्यांच्यावर संशोधन होते त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हते. अहवाल त्यांच्या उपयोगाचा नव्हता. पाहता येईल असे काहीतरी हवे होते. यातून 'बाई' (१९८५) हा लघुपट झाला आणि मागोमाग 'पाणी'. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपटाचे शिक्षण न घेतलेली चाळिशीतली एक समाजसंशोधक अशी दिग्दर्शक झाली. सुनील सुकथनकर तिथपासून त्यांचे सहकारी, आणि पुढच्या बहुतेक चित्रपटांवर दोघांचे नाव जोडीने येते. मानववंशशास्त्राच्या चर्चेत ज्याला फार मोठी गोष्ट मानतात, म्हणजे चित्रण ज्यांचे केले त्यांनाच ते दाखवून त्यांचे म्हणणे ऐकणे, ती इथे गरजेपोटी पहिल्याच दिवशी आली होती.

दुसरा धागा कॅनडातून आला. धुळे जिल्ह्यातले जगन्नाथ वाणी कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात राहून घरातला असा आजार सांभाळणे काय असते, हे त्यांनी अनेक वर्षे अनुभवले आणि ते लपवले नाही. मराठी मध्यमवर्गात हे दुर्मीळ. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकत्र बसावे, एकमेकांना माहिती द्यावी, ही तिकडच्या संस्थांची पद्धत त्यांना ठाऊक होती. त्याच धर्तीवर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात 'सा' उभी राहिली. डॉक्टर आणि कायदा यांच्या ताब्यातला विषय इथे घरच्यांनी हातात घेतला. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय २,५४० खाटांचे; पुण्यात 'येरवडा' हा शब्दच कित्येक वर्षे थट्टेत आणि धमकीत वापरला गेला. त्या शहरात 'माझ्या घरी हा आजार आहे' असे चारचौघांत म्हणणारा गट तयार होणे ही मोठी उडी होती.

या गटाने, आणि मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थांनी, दोन शब्द रुळवले. आजार असलेला तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'. 'रुग्ण' म्हटले की माणूस दवाखान्याचा होतो, 'वेडा' म्हटले की कुणाचाच राहत नाही. शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द थोडे सोवळ्यातले वाटतात खरे. पण सभेत उठून 'मी शुभंकर आहे' असे सांगणाऱ्या वडिलांना जो आधार त्या शब्दाचा होतो, तो 'केअरगिव्हर'चा होत नाही. शिवाय जुन्या भाषेत आजारी माणसासाठी डझनभर शब्द होते. सांभाळणाऱ्यासाठी एकही नव्हता. महानुभाव मंदिरात अंगात आणणाऱ्या त्या आईलाही नाव नव्हते.

दोन्ही धागे 'देवराई'त (२००४) एकत्र आले. वाणी यांच्या पुढाकाराने निर्मिती आणि भावे-सुकथनकर यांचे दिग्दर्शन. त्याआधी तीनच वर्षे, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रयगृहाला आग लागून साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले होते. देशभर श्रद्धास्थानांकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ. 'देवराई'ने सोपी बाजू घेतली नाही. शेष हा गावाकडचा बुद्धिमान तरुण, भूमिका अतुल कुलकर्णी यांची. गावची देवराई वाचली पाहिजे, हा त्याचा ध्यास. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली काटकी तोडायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्यांचा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद केल्यावर त्यामागचे निसर्गशास्त्रही समजले. शेषचा ध्यास शहाणपणाचा आहे. त्याच्या कानात बोलणारे आवाज आजाराचे आहेत. कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते, हे त्याला उमगत नाही आणि प्रेक्षकालाही चटकन उमगत नाही. त्याला शहरात घेऊन येणारी बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, ही चित्रपटातली शुभंकर. उपचार, औषधे, तिच्या संसारावर पडणारा ताण हे सारे त्यात आहे. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मात्र पर्यावरण संवर्धनाच्या गटात. मनोविकारावरचा चित्रपट झाडांच्या खात्यावर जमा झाला, हे त्या काळाबद्दल पुरेसे सांगून जाते.

त्याआधीच्या मराठी नाट्य-चित्रपटांना विषय अगदीच अपरिचित नव्हता. वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' १९५० च्या दशकातले. 'चौकट राजा' (१९९१) मतिमंदत्वावरचा. पण स्किझोफ्रेनिया म्हटले की 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व', एका देहात दोन माणसे, असा रहस्यकथेला सोयीचा गैरसमज पक्का होता. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हा शब्द योजला तेव्हा त्यांना विचार, भावना आणि वर्तन यांचे सांधे निखळणे म्हणायचे होते. 'देवराई'नंतर संस्थांच्या कार्यक्रमांत हा फरक समजावताना शेषचे उदाहरण हाताशी आले.

मनोविकारतज्ज्ञ आणि अभिनेते मोहन आगाशे यांनी पुढे ही वाट रुंद केली. भावे-सुकथनकरांच्या 'अस्तु' (२०१३) मध्ये ते स्वतः विस्मरणाने ग्रासलेले संस्कृत पंडित आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे शास्त्रीबुवा चालू लागतात आणि माहुताच्या झोपडीत पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लहान मूल समजून भरवते, सांभाळते. शास्त्रीबुवांच्या शिकलेल्या मुलीच्या घरात त्यांना सांभाळण्याचा जो प्रश्न होता, तो झोपडीत प्रश्न उरत नाही. आजार तोच आहे, भोवतालची माणसे बदलली. लेमेलसन यांच्या सगळ्या माहितीपटांचा विषय इथे एका प्रसंगात मावला आहे. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नैराश्यावरचा 'कासव' २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरून सुवर्णकमळाचा मानकरी झाला. हे चित्रपट आगाशे गावोगाव नेत राहिले. खेळ संपला की दिवे लावायचे आणि लोकांशी बोलायचे, ही पद्धत. 'आमच्याकडे पण असंच...' अशी सुरुवात करून पुढे अडखळणारा कुणीतरी अशा चर्चेत ठरलेला.

या परंपरेत एक उणीव राहिली. घराच्या आतले तिने बारकाईने पाहिले. देवऋषी, भगत, दर्गा यांच्याकडे मात्र ती बहुधा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या अंगाने गेली. भावे-सुकथनकरांच्या 'बाधा'चे (२००६) नावच लोकांच्या तोंडचे आहे. पण सैलानीला वर्षभर राहून, निकाल न देता केलेला माहितीपट मराठीच्या ठेव्यात जमा झाला नाही. त्याला कारण आहे. ज्यांच्या घरात आजार होता त्यांची गंडेदोऱ्यांत वर्षे गेलेली असत आणि औषध उशिरा सुरू झालेले असे. तटस्थ राहणे परक्या अभ्यासकाला परवडते.

धायरीच्या केंद्राचे काम याच घरच्या माणसांच्या हिशेबाने चालते. तीव्र लक्षणे औषधांनी आटोक्यात आल्यावर खरी अडचण सुरू होते. सकाळी उठायचे कशासाठी, दिवस भरायचा कसा? दिवसाचे केंद्र त्यासाठी असते. वेळेवर येणे, हाताला काम, गटात बसून बोलणे, आणि तेवढे तास घरच्यांनाही उसंत. शुभंकरांच्या बैठकांत बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते, 'आमच्यामागे याचं काय?' २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. राहण्याची जागा बहुतेक वेळा आईवडिलांचेच घर असते.

जगन्नाथ वाणी २०१७ मध्ये गेले. सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या. त्यांचा 'दिठी' हा शेवटचा चित्रपट महिन्याभराने प्रेक्षकांपर्यंत पोचला. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरच्या या चित्रपटात वर्षानुवर्षे वारी केलेल्या रामजी लोहाराचा तरणा मुलगा पुरात जातो आणि बाप दुःखाने पार मिटून बसतो. त्यात डॉक्टर नाही, औषध नाही, आजाराचे नावही नाही. बाहेर धो धो पाऊस, आत पोथी चाललेली आणि शेजारी एक गाय अडलेली. तिला मोकळी करण्याचे कसब रामजीच्या हातात आहे, म्हणून लोक त्याला बोलवायला येतात.